नोर्प्पावरचे बटाटे

ताह्वो केस्किसारी जागेवरून उठला की आधी तसं जाहीर करायचा. "मागे जातोय," म्हणायचा आणि मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचा. "पुढे जातोय," म्हणायचा आणि दाराबाहेर पडायचा. आमच्या रौमा गावच्या चर्चमध्ये एकदा प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना हा बाकावरून उठला आणि खणखणीत आवाजात "मागे जातोय" म्हणाला. पाद्रीबुवा थांबले. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. त्याची बायको लेम्पी हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकात अशी काही घुसली, की शेवटच्या गाण्यापर्यंत वर आलीच नाही.

"अरे म्हाताऱ्या," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "युद्ध संपून आठ वर्षं झाली. तू मागे गेलास म्हणून चर्च काही बुडत नाही."

"काय नेम," ताह्वो म्हणाला. "जुनी इमारत आहे."

म्हातारा म्हणजे तेव्हा अडतीस वर्षांचा. पण आमच्याकडे लग्न झालेल्या पुरुषाला घरात ही पदवी लवकर मिळते.

ही सवय त्याला नोर्प्पाने लावली होती. नोर्प्पा म्हणजे आमच्या समुद्रातला बुटका सील, आणि पाणबुडीचं नावही तेच. अंगलटही तीच. चाळीस मीटर लांब, पोटात वीस माणसं आणि झोपायला नऊ फळ्या. एकजण उठला की त्याच्या गरम जागेवर दुसरा आडवा व्हायचा. मोठ्या देशांच्या पाणबुड्या महासागर ओलांडून जायच्या. आमची नोर्प्पा बेटांच्या आडोशाने जायची आणि जमलं तर चौथ्या दिवशी कॉफीच्या वेळेला परत यायची. स्वीडनच्या बाजूने येणाऱ्या मालबोटींना सोबत करायची, नाहीतर खडकांच्या मागे दबा धरून शत्रूच्या पाणबुडीची वाट बघायची, हे तिचं काम. सगळ्या युद्धात तिने तीन टॉर्पेडो सोडले. पहिला चिखलात रुतला. दुसरा एका निरपराध खडकावर जाऊन फुटला आणि शेदोनशे हेरिंग मासे उताणे पडून वर आले. ताह्वोने ते दोन दिवस पुरवले. तिसऱ्याचं काय झालं हे कुणीच पाहिलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळेच अभिमानाने बोलत.

ताह्वो तिच्यावर स्वयंपाकी होता. आणि तिचा तोल सांभाळायला होता सुलो विर्क्की, त्याच्याच गावचा, त्याच्याच शाळेतला, एका बाकावरचा.

पाण्याखालची छोटी पाणबुडी ही सोनाराच्या तराजूसारखी असते. एक माणूस पुढून मागे गेला तरी तिचं नाक वर उचललं जातं. म्हणून नियम असा होता, की पाण्याखाली असताना सुलोला सांगितल्याशिवाय कुणी हलायचं नाही. बोटीच्या मधोमध तो झडपांसमोर स्टुलावर बसलेला असायचा. येणारा म्हणायचा, "मागे जातोय." सुलो त्याचं वजन मनातल्या मनात काढायचा, एक झडप जराशी फिरवायचा, थोडं पाणी मागच्या टाकीतून पुढच्या टाकीत सोडायचा आणि म्हणायचा, "जा." वीसही माणसांची वजनं त्याला पाठ होती. रजेवरून आलेल्या माणसाकडे तो असा बघायचा, जसा खाटीक बकऱ्याकडे बघतो.

"आईकडे जाऊन आलास," तो ताह्वोला म्हणायचा. "दोन किलो."

"दीड."

"दोन. पोट आत घेऊ नकोस, समुद्राला कळतं."

स्वयंपाक्याशी तर त्याचा दिवसभर संवाद चालायचा, कारण बोटीवर सगळ्यात जास्त हलणारी वस्तू म्हणजे बटाटे. बटाट्यांचं कपाट अगदी पुढे, नाकाजवळ. ताह्वो ओरडून सांगायचा, "पंधरा किलो उकडले." सुलो ओरडायचा, "म्हणजे गेले कुठं? कपाटातून पोटात. बोटीतच आहेत. बाहेर टाकायची सालपटं किती ते सांग." एकदा नव्या पोराने विचारलं, ही दोघं भांडतात का? यंत्रावरचा माणूस म्हणाला, "नाही रे, संसार करतात."

ताह्वोने सांगितलेला आकडा सुलो कधी तपासायचा नाही. कपाट उघडून बघायला जायचं तर सत्तर किलोचा सुलो स्वतःच पुढे जाणार, म्हणजे पुन्हा नवा हिशोब आला. स्वयंपाक्याचा शब्द म्हणजे वजन, असं ते होतं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात नोर्प्पाला दबा धरायला एक उघडंबोडकं बेट मिळालं होतं. झाड नाही, झुडूप नाही, नुसता पाठ वर काढलेला खडक. आमची माणसं अशा ठिकाणी गेली की दुसऱ्या दिवशी काय करतात ते सांगायला नको. वाहून आलेली लाकडं गोळा करून त्यांनी सौना बांधला, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफेत घाम काढायची खोली. चूल म्हणून तेलाचं जुनं पिंप. फक्त दगडांचं घोडं पेंड खात होतं. चुलीवर रचायला बेटावरचेच दगड घेतले, पहिल्यांदा पाणी मारलं, आणि दगड बंदुकीसारखे फुटले. एक कपची यंत्रावरच्या माणसाच्या अशा जागी बसली, की पुढचे चार दिवस त्याने यंत्र उभ्यानेच चालवलं. युद्धात नोर्प्पावर झालेली ही एकमेव जखम.

रजेवर गेलेल्या ताह्वोच्या डोक्यात तेव्हापासून दगडच होते. सौनाचा दगड कुठलाही चालत नाही, काळा, जड, आगीला सरावलेला लागतो. त्याच्या मामाचा जुना सौना पाडायला काढला होता. तीस-चाळीस वर्षं तापलेले दगड, हातात घेतले तरी शहाणे वाटावेत असे. ताह्वोने त्यातले एकशे साठ किलो निवडून चार गोण्यांत भरले आणि तुर्कू बंदरात, नोर्प्पाच्या धक्क्यावर आणले.

आता हे सांगायचं कसं? कप्तान तालग्रेनने महिन्यापूर्वीच, कुणीतरी अकॉर्डियन आणलं तेव्हा, खाजगी सामानाला बंदी घातली होती. आणि सुलोला सांगितलं तर सुलो कप्तानाला सांगणार. तो अशा बाबतीत आईलाही सोडायचा नाही. शिवाय ताह्वोला सगळ्यांना चकित करायचं होतं. सुलोलासुद्धा. एकशे साठ किलो म्हणजे काय मोठं, त्याने स्वतःची समजूत घातली. अडीचशे टनांची बोट आहे. चारही गोण्या त्याने बटाट्यांच्या कपाटात, खऱ्या बटाट्यांच्या मागे सारल्या.

"बटाटे किती?" सुलोने विचारलं.

"दोनशे."

"दोनशे," सुलो म्हणाला आणि झडपा लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी विमान दिसलं आणि नोर्प्पाने घाईने बुडी घेतली. अशा घाईच्या बुडीत तराजू आधीच बरोबर लागलेला असावा लागतो, मागून दुरुस्त करायला सवड नसते. पंधरा मीटरवर थांबायचं होतं. ती थांबली नाही. नाक खाली गेलं ते गेलंच. कपबशा पुढे धावल्या, त्यांच्यामागे रस्सा, रस्स्यामागे ताह्वो. सुलोने पुढची टाकी रिकामी करायला घेतली, पण तोवर अडतीस मीटरवर नोर्प्पाने आपलं नाक चिखलात खुपसलं आणि शेपूट वर करून उभी राहिली.

वर विमान घिरट्या घालत होतं. वर यायला टाक्यांतलं पाणी हवेने बाहेर ढकललं असतं तर बुडबुडे नेमके वर दिसले असते. म्हणून चार तास नुसतं बसायचं. कुणी बोलत नव्हतं. आमची माणसं एरवीही फार बोलत नाहीत, पण न बोलण्यातही प्रकार असतात. सुलो झडपांसमोर बसून एकसारखा पाण्याची घनता मोजायची काचेची नळी बघत होता. गोडं पाणी हलकं असतं, त्यात बोट जास्त बुडते. आणि बर्फ वितळून नद्या भरून आल्यामुळे त्या दिवसांत समुद्राचं पाणी जागोजागी गोडं झालेलं होतं. नळी सकाळी जे सांगत होती तेच आताही सांगत होती. तरी तो बघत होता.

विमान गेल्यावर कप्तानाने टाक्यांत हवा सोडून पाणी बाहेर फुंकायला लावलं. शेपूट हललं, नाक काही सुटेना. मग त्याने हुकूम दिला, सगळ्यांनी मागे धावा.

माणसं एका गोल भोकातून एकामागे एक मागे सरकली. ताह्वो मात्र पुढे गेला. एक गोणी खांद्यावर घेतली आणि वाकून, धापा टाकत, सुलोच्या पुढ्यातून निघाला. "मागे जातोय," सवयीने म्हणाला. पुन्हा आला, दुसरी गोणी. तिसरी. चौथी. चौथी ठेवून तो तिच्यावरच कोसळला, आणि तेवढ्यात नोर्प्पाने चिखलातून नाक काढलं, दात उपटल्यासारखा आवाज झाला, आणि ती वर निघाली.

संध्याकाळी तुर्कूला परत आल्यावर कप्तानाने सगळ्यांना धक्क्यावर उभं केलं. वर अहवाल जाणार होता. चूक कुणाची ते लिहावं लागणार होतं. ताह्वोने घसा खाकरला. तो सांगणार होता, हे अगदी खरं. पण त्याच्या आधी सुलो एक पाऊल पुढे आला.

"पाणी गोडं होतं, कप्तानसाहेब. मी नळी नीट वाचली नाही. माझी चूक."

कप्तानाने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "आणि केस्किसारी, तू जे केलंस ते मी लिहितो आहे. अशा वेळी बटाटेसुद्धा मागे नेण्याचं डोकं दुसऱ्या कुणी चालवलं नाही."

हाच तो क्षण. तोंड उघडायचं आणि चार शब्द बोलायचे. लष्करी चौकशी झाली असती, कदाचित तुरुंग. ताह्वो मूग गिळून उभा राहिला. त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या सुलोची पेटी धक्क्यावर होती आणि सुलो किनाऱ्यावरच्या एका तोफखान्याकडे गोळे मोजायला निघालेला होता. निघताना म्हणाला, "नव्या माणसाला वजनं नीट सांग. त्याला तुझी भाषा कळायला वेळ लागेल."

सौना झाला. दगड मच्छीमाराकडून आणवले, असं ताह्वोने सांगितलं आणि कुणी जास्त विचारलं नाही. अशी मऊ, जड वाफ अख्ख्या नौदलात कुठं नव्हती, असं नोर्प्पावरची माणसं अजून सांगतात. वरच्या फळीवर बसून ती ताह्वोच्या पाठीवर थापा मारायची. ताह्वो खालच्या फळीवर बसायचा आणि उष्णता सोसत नाही म्हणायचा.

युद्ध संपलं. पुढे तहात आम्हाला पाणबुड्या ठेवायची बंदी झाली. नोर्प्पा तुर्कूच्या एका कोपऱ्यात गंजत पडली. ताह्वो आणि सुलो दोघे रौमाला परतले. ताह्वो शाळेत मुलांचं जेवण रांधायला लागला आणि सुलोने मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. बंदरातलं सगळ्यात चांगलं काम तो करायचा, पण इंजिन बोटीत बसवून झालं की धक्क्यावर चढायचा. "फिरवून बघ," म्हणून दुसऱ्याला पाठवायचा आणि स्वतः काठावरून ऐकायचा. उन्हाळ्याच्या सणाला सगळं गाव होड्यांतून बेटांवर जायचं. सुलोला तेव्हा नेमकं काही तरी काम निघायचं.

गाव ते गाव. "काय सुलो, पाणबुडीवाला ना तू? ओल्या फडक्यालाही भितोस," असं कुणी तरी म्हणायचंच. सुलो म्हणायचा, "मला पाणी वाचता येत नाही. ज्याला येत नाही त्याने जाऊ नये." हे तो थट्टेने म्हणत नव्हता, हे एकट्या ताह्वोला कळायचं. आणि हे बोलणं निघालं की तो उठायचा. कधी पुढे, कधी मागे.

लेम्पीला त्याने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मला कशाला सांगतोस? मी बुडाले होते का?"

त्रेपन्नच्या जुलैत कप्तान तालग्रेनचं पत्र आलं. तो आता लाकूड विकणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत होता. नोर्प्पा भंगारात जाणार होती. तोडायच्या आधी एकदा सगळ्यांनी यावं. सुलो येणार नाही असं ताह्वोला वाटलं होतं. बस सुटायच्या वेळी तो कोट घालून स्टँडवर उभा होता.

"तू कशाला?" ताह्वोने विचारलं.

"माझ्या हातून बुडता बुडता राहिली ती," सुलो म्हणाला. "निदान निरोप तरी देतो."

तुर्कूपर्यंत दोन तास ताह्वो खिडकीबाहेर बघत होता. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

चौदा जण जमले होते. नोर्प्पा लहान होती हे त्यांना ठाऊक होतं, पण इतकी लहान? पोटं सुटलेली माणसं गोल भोकात अडकत होती आणि मागचे त्यांना ढकलत होते. कप्तानाने खरी कॉफी आणली होती, अजून रेशनवर मिळणारी, आणि ताह्वोने ती त्याच जुन्या चुलीवर उकळली. आत तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास तसाच होता. कुणी तरी आपली फळी शोधून आडवा झाला; दुसऱ्याने त्याला उठवलं, "ऊठ, माझी पाळी," म्हणाला.

सुलो झडपांसमोर स्टुलावर बसला होता. झडपांना हात लावत नव्हता. हात मांडीवर ठेवून नुसता बघत होता, जसं माणूस कुणा दुसऱ्याच्या घरात बसतो. ताह्वो त्याच्यासाठी कॉफी घेऊन आला आणि तो कप त्याच्या हातात द्यायचं विसरला.

"सुलो. त्या दिवशी पुढच्या कपाटात दगड होते."

"कसले दगड?"

"सौनाचे. मामाच्या. बटाटे दोनशे होतेच, त्याशिवाय."

सुलो हलला नाही. "किती?"

"एकशे साठ."

"अगदी पुढे?"

"मागच्या भिंतीला टेकून. म्हणजे, नाकाला."

सुलोने कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि झडपांच्या वरच्या पांढऱ्या पत्र्यावर गणित मांडायला सुरुवात केली. एकशे साठ गुणिले सतरा मीटर. भागिले. त्याखाली त्या दिवसाचं पाण्याचं माप. ते त्याला अजून दशांशापर्यंत पाठ होतं. बाकीच्यांची कुजबुज थांबली होती. त्या बोटीत काही लपून राहायला जागाच नव्हती. सुलोने उत्तराखाली रेघ ओढली, पुन्हा एकदा सगळं वरून तपासलं.

"पाणी बरोबर होतं," तो म्हणाला.

"हो."

"नळी मी बरोबर वाचली होती."

"हो, सुलो."

"अकरा वर्षं." तो उठला. आवाज चढवला नाही. "त्या चार गोण्या घेऊन तू माझ्या नाकासमोरून गेलास. 'मागे जातोय' म्हणालास. आणि मी तुला वाट दिली."

ताह्वोने हातातला कप खाली ठेवला.

"ह्यांना सांग. कप्तानाला. जसं मी सांगितलं होतं तसं, एक पाऊल पुढे येऊन."

एक पाऊल पुढे यायला तिथे जागा नव्हती, तरी ताह्वो आला. सांगितलं. ज्या वाफेची बाकीच्यांनी अकरा वर्षं आठवण काढली होती, ती कुठून आली होती ते सगळ्यांना कळलं. यंत्रावरचा माणूस हसेल असं ताह्वोला वाटलं होतं. तो हसला नाही. कप्तान तालग्रेनने टोपी काढली आणि तिच्या आत बघितलं.

"सही माझी होती," तो म्हणाला. "गोण्या मीही उघडून बघितल्या नाहीत. विर्क्की, मी आता तुमच्यासाठी काय करू?"

"एकदा म्हणा, साहेब."

"काय?"

"पाणी बरोबर होतं, म्हणा."

कप्तानाने म्हटलं. सुलोने मान डोलावली, कॉफी न घेता शिडी चढला आणि वर गेला. जाताना कुणालाही सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला आणि ताह्वो शेवटच्या.

महिना गेला. सुलो त्याच्याशी बोलला नाही. बंदरात समोर आला तर बाजूने निघून जायचा. लेम्पी म्हणाली, "अकरा वर्षं त्याने तुझा बोजा वाहिला. तू महिनाभर त्याचा राग वाहा, कंबर मोडणार नाही." पण ताह्वोची जेवणावरची वासना उडाली होती, आणि शाळेतली मुलं सांगायला लागली होती, की रस्सा खारट होतोय.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी शाळेच्या मागच्या दाराशी सुलो उभा राहिला. हाताला तेल, डोक्यावर टोपी नव्हती.

"एक बोट घेतलीय," तो म्हणाला. "जुनी आहे. इंजिन मीच बसवलंय."

"बरं."

"फिरवून बघायचीय. बेटांपर्यंत."

"कुणाला पाठवतोयस?"

"मी जातोय." त्याने हाताचं तेल विजारीला पुसलं. "दोन माणसं लागतात. दुसरं कुणी मोकळं नाही. हेरिंगचा हंगाम चालू आहे."

हंगाम असो नसो, बंदरात त्या वेळी निदान सहा माणसं भिंतीला टेकून उन्हात उभी होती. ताह्वोने हातातला झारा ठेवला, कमरेचा एप्रन सोडला आणि निघाला. धक्क्यावरच्या त्या सहा जणांनी सुलोला पायऱ्या उतरताना पाहिलं आणि तोंडातले पाइप काढले. 

सुलो आधी उतरला. बोट हलली. त्याने तिला स्थिर होऊ दिलं, वाकून एका हाताने पाणी उचललं, जिभेवर घेतलं आणि थुंकलं. मग वर बघितलं.

"थांब. आधी खिसे दाखव."

ताह्वोने खिसे उलटे केले. एक चाकू, तंबाखूची डबी, मुलांनी दिलेली अर्धी बिस्किटं आणि लेम्पीचा कपडे वाळत घालायचा एक चिमटा. सुलोने एकेक वस्तू हातात घेऊन वजन केलं आणि परत दिली.

"मधे बस," तो म्हणाला. "आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस."

ताह्वो मधे बसला. सुलोने इंजिन सुरू केलं, एका कानाने ते ऐकलं, दोर सोडला आणि बोट बंदराच्या तोंडाकडे वळवली.